प्लाझ्मा, एलसीडी आणि आश्विनातलं ऊन

सोयाबीन घरात यायला लागलं की टीव्हीच्या कंपन्यांना आमची आठवण येते. एरवी वर्षभर आम्ही त्यांच्या खिजगणतीत नसतो. पण आश्विन लागला की आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडपासून वाशीम रोडच्या वळणापर्यंत विजेच्या खांबाखांबावर फलक लटकतात, आणि त्यावरची एक गोरी बाई दात दाखवून सांगते की तुमच्या घरातला टीव्ही आता जुना झाला. तिच्या खालून सोयाबीनच्या ट्रॉल्या जातात. पोत्यांवर बसलेला माणूस मान वर करून तिच्याकडे बघतो. त्याच्या कानात, भुवयांत, बनियनच्या आत कुटाराचा भुसा गेलेला असतो. तो पाठ खाजवत फलकावरची अक्षरं जुळवतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो की आपला टीव्ही जुना झाला.

यंदा अक्षरं फारच झाली आहेत. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, मिनी एलईडी. मी आयुष्यभर इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी रस्त्यात अडवून माणसं विचारतात, "सर, ह्याच्यात फरक काय हाय?" फरक सांगायला मिनिटसुद्धा लागत नाही. एलईडी म्हणून जो खपवला तो एलसीडीच होता. फक्त पडद्यामागचा दिवा बदलला होता. घरातला बल्ब बदलून कोणी वास्तुशांत करत नाही, पण यांनी केली. क्यूएलईडी म्हणजे त्याच दिव्यापुढे रंग सुधारणारा एक पापुद्रा. मिनी एलईडी म्हणजे मोठ्या दिव्यांऐवजी बारके दिवे. ओएलईडी तेवढा खरा वेगळा: त्यात मागे दिवाच नसतो, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि आपला आपण विझतो. बाकी सगळी एकाच घरातली भावंडं, वेगवेगळ्या टोप्या घालून दारावर आलेली. विकणाऱ्याला हे माहीत नसतं आणि घेणाऱ्याला माहीत करून घ्यायचं नसतं. घेणाऱ्याला एवढंच हवं असतं की शेजाऱ्याच्या टीव्हीच्या नावात जितकी अक्षरं आहेत त्याहून एक अक्षर आपल्या टीव्हीच्या नावात जास्त असावं.

मी हे कुत्सितपणे लिहितो आहे, हे मला कळतं. शिक्षकी पेशात ही सवय लागते. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून माणूस वर्षानुवर्षं बोलत राहिला की त्याला पाठीमागची सगळी मूर्ख वाटायला लागतात. पण या टीव्हीच्या धंद्यात मी स्वतः जे केलं, त्याच्यापुढे फलकावरची ती बाई सोज्वळ आहे. तेच सांगायचं आहे. गोष्ट जुनी, प्लाझ्मा आणि एलसीडीची. त्यात दुकानदार दोन: एक विनोद, माझ्या बहिणीचा मुलगा, दुसरे सलीमभाई.

भिंतीला टांगायचे टीव्ही आमच्याकडे पहिल्यांदा आले ते असे दोन प्रकारचे आले. एलसीडी हलका, मऊ पडद्याचा. त्याच्यामागे ट्यूब जळत असत आणि पुढे रंगांच्या बारीक खिडक्या उघडझाप करत. प्लाझ्मा जड, काचेचा. त्यात लाखो इवल्या कप्प्यांत वायू कोंडलेला आणि त्यातून वीज सोडली की कप्पा उजळायचा. विनोदच्या दुकानात एलसीडी होते. सलीमभाईंनी प्लाझ्मा आणले. मोठ्या शहरांत याच दोघांची झुंज लागली होती, पण तिथे ती कंपन्यांची होती. आमच्याकडे ती रस्त्याच्या दोन बाजूंची झाली, आणि रस्ता एवढा अरुंद की या बाजूच्या चहाच्या टपरीवर केलेली टीका त्या बाजूच्या टपरीवर ऐकू जायची.

सलीमभाई मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. पुढे डब्याचे टीव्ही आले तेव्हा त्यांच्या पोटात हात घालायची हिंमत गावात त्यांच्याकडेच होती. आमच्या माळवदावर चढून त्यांनी कितीदा अँटेना फिरवला असेल आणि मी खालून ओरडत असेन, "आलं, आलं, गेलं!" माझ्याच वयाचे, पण मला ते 'सर' म्हणत आणि मी त्यांना 'भाई'. प्लाझ्मा आणला तेव्हा त्यांनी दुकानाच्या आतल्या भागात एक जाड हिरवा पडदा टांगला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "चप्पल काढा, आत या आन् परदा लावून घ्या." आत अंधार. त्या अंधारात टीव्ही लावायचे. मीही एकदा गेलो होतो. पडद्यावर विहिरीचं काहीतरी दृश्य होतं. विहिरीत खोल पाणी, आणि त्या पाण्यावर हलणारी एक चंद्राची फोड. बाकी सगळं काळं. पण काय काळं! काजळासारखं, ओल्या म्हशीच्या पाठीसारखं, ज्यात आणखी आत काहीतरी असेल असं वाटावं असं काळं.

"काला देखो, सर," सलीमभाई कुजबुजले. "रंग तं सगळेच दाखवतात. काला कोन दाखवते?"

मी पडदा सारून बाहेर आलो. कारण पोळ्याच्या सुमाराला मी विनोदकडून एलसीडी घरी आणून, नारळ फोडून, भिंतीला लावून बसलो होतो. आणि आमच्या घरात, विज्ञानाचं काहीही न शिकलेल्या माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "तुमच्या ह्या टीवीत अंधार बी राखुंडीच्या रंगाचा दिसते." मी तिला कॉन्ट्रास्ट म्हणजे काय हे समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "असन बाप्पा."

त्या हिरव्या पडद्याआड मला कळलं की मी डावा टीव्ही घेतला आहे. माणसाला आपल्या मुलात खोट सापडली तर तो ती सहन करतो. आपण घेतलेल्या वस्तूत सापडली तर सहन करत नाही. पुढचं सगळं त्यातून झालं. भाच्याच्या प्रेमापोटी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. बहीण लवकर विधवा झाली, पोराचं दुकान चालायला हवं, वगैरे. ती काळजी खरी होती, पण ती मी नंतर आणून ठेवली. आधी होती ती फक्त लाज, आणि तीही एका भिंतीवर टांगलेल्या चौकोनाची.

आश्विनातलं ऊन ज्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही त्यांना त्याची कल्पना यायची नाही. पाऊस आभाळ घासून पुसून गेलेला असतो. हवेत धूळ असते ती फक्त हडंब्यांची, म्हणजे सोयाबीन काढायच्या यंत्रांची, आणि ती पिवळी धूळ उन्हात तरंगत असते तेव्हा ऊनच जड झाल्यासारखं वाटतं. भादव्यातलं ऊन ढगाआडून चोरून येतं. आश्विनातलं समोरून, दार उघडं असल्यासारखं आत येतं. आणि दारं उघडीच असतात. आमच्याकडे टीव्ही बैठकीत, बैठकीचं दार अंगणात, आणि अंगणात सोंगून आणलेल्या सोयाबीनची गंजी. वाळलेल्या शेंगा उन्हानं तडकतात. दुपारी कान देऊन बसलं तर गंजी बारीक आवाजात बोलत असल्यासारखी वाटते. त्या दिवसांत गंजीजवळ कोणी बिडी ओढत नाही. पाहुणा आला आणि त्याने काडी काढली तर म्हातारी माणसं तिथल्या तिथे त्याला दटावतात. वर्षाचं पीक एका काडीवर असतं, म्हणून आश्विन हा आमच्याकडे आगीला भ्यायचा महिना आहे.

हे मला माहीत होतं. मी इथलाच आहे.

तर दसऱ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावून सोक्षमोक्ष करायचं ठरलं. टपरीवरची कल्पना, पण निकाल कोण देणार यावर दोन्ही टपऱ्यांचं एकमत झालं. "सर देतीन. सर सायन्सवाले हायेत." सलीमभाईंनाही ते पटलं. त्यांना तर फारच पटलं. ते घरी आले, ओट्यावर बसले.

"सर, सांजच्याले ठेवा ना," ते म्हणाले. "थोडा अंधार पडू द्या. मंग पाहा."

"सांजच्याला खेड्यापाड्यांची माणसं एसटीनं परत जातात," मी म्हणालो. "बघायला कोण राहील?"

त्यांनी विचार केला. "हे बी बराबर हाय," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मी दिलेलं कारण अगदी खरं होतं. माणसं जातातच परत. माझी कारणं नेहमी खरी असतात, हेच माझ्याबद्दल सर्वांत वाईट आहे.

भर दुपारी, बाजाराच्या मोकळ्या जागेत, मांडववाल्याच्या टेबलांवर दोन्ही टीव्ही ठेवले. जनरेटर धडधडत होतं. क्रिकेटचा सामना लागला होता. वांग्यांचे ढीग, मिरच्यांची पोती, झेंडूच्या पाट्या सोडून माणसं गोळा झाली. एलसीडीवर हिरवं मैदान दिसत होतं, फिकट का होईना, दिसत होतं. प्लाझ्माच्या काचेत दिसत होतं ते ऊन. मागचं कडुलिंबाचं झाड, टोप्या, रुमाल, एक खांद्यावरचं रडणारं पोर, आणि त्या सगळ्यांच्या खाली कुठेतरी बुडालेला एक फलंदाज.

"सलीमभाई, आरसे कदीपासून इकून राह्यले?" कोणीतरी ओरडलं.

"दाढीचं सामान बी ठेवा संगं!"

सलीमभाई टीव्ही थोडा इकडे फिरवत, थोडा तिकडे. अंगातला शर्ट काढून त्यांनी तो टीव्हीच्या वर धरला, सावली पडावी म्हणून. बनियनवर, हात वर करून ते तसे उभे राहिले आणि माणसं आणखी हसली. मी हसलो नाही. परीक्षकाने हसायचं नसतं.

मग रिसोडकडच्या एका माणसाने विचारलं, "सर, ह्या टीवीच्या आत असते तरी काय?"

मी म्हणालो, "गॅस."

आणि थांबलो.

वर्गात मी हे वाक्य असं अर्धं कधीच सोडलं नसतं. निऑन, झेनॉन, निष्क्रिय वायू, कशाशी संयोग पावत नाहीत, जळत नाहीत, जळायला मदत करत नाहीत. अकरावीच्या पोराला हे आलं नाही तर मी त्याला उभं करत असे. त्या दुपारी मी एक शब्द बोललो आणि घसा साफ केला.

"गॅस म्हंजे? सिलेंडरातला?"

"वेगळा असतो. काचेत कोंडलेला असतो."

"घरात लेकरं असतात, सर. गंजी हाय अंगनात. धोका तं नाही ना?"

माणूस भाबडेपणाने विचारत होता. त्याच्या मागे बायका उभ्या होत्या. सलीमभाईंनी अजून शर्ट वर धरलेला होता आणि मान वळवून ते माझ्याकडे बघत होते. हसत होते, सर आता सांगतील, अशा खात्रीने.

"ज्यानं त्यानं आपापलं पाहावं," मी म्हणालो.

एवढंच. मी खोटं बोललो नाही. त्या दुपारचं प्रत्येक वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकाशी ताडून बघावं, त्यात चूक सापडणार नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खोटं बोलण्याची जोखीम असते. मी तीही घेतली नाही.

दसऱ्यापर्यंत टीव्ही परत यायला लागले. ऑटोतून, ट्रॉलीतून, गोधड्यांत गुंडाळून, आणि धरणारे मान मागे करून धरत, फुटला तर तोंडावर नको म्हणून. एका घरी तर टीव्ही अंगणाच्या पार टोकाला चिंचेखाली ठेवून घरातली माणसं दारातून बघत होती. एका बाईने सलीमभाईंना विचारलं की गॅस तेवढा काढून घ्या, टीवी राहू द्या. एकाने रेग्युलेटर कुठे आहे ते विचारलं. दरवर्षी गॅस भरावा लागतो हेही कोणीतरी जोडलं. ते मी बोललो नव्हतो, पण ज्या वाक्यात मी जागा मोकळी सोडली होती त्यात कोणी काय बांधलं याची तक्रार मी कोणत्या तोंडाने करू? गावाच्या अकलेला मी तेव्हा मनातल्या मनात हसत असे. आज वाटतं, ती माणसं काय चुकली? त्यांनी गावातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाला विचारलं होतं. दुसरं काय करतात शहाणी माणसं?

सलीमभाईंना 'गॅसवाले' हे नाव त्या आश्विनात पडलं. आणि दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीसारखे आमच्या घरी आले, खिशातून आपट्याची पानं काढली, माझ्या हातावर सोनं ठेवलं, गळा भेटले. त्यांच्या शर्टाला धुण्याच्या निळीचा वास येत होता. मी माझी पानं द्यायला विसरलो.

पुढच्या पावसाळ्याच्या आत ते दुकान बंद झालं.

विनोदचं आता मोठं काचेचं दुकान आहे, एसीचं. यंदा त्याने मला शस्त्रपूजेला बोलावलं. हल्ली शस्त्र म्हणून तो रिमोट मांडतो. समोरच्या बाजूला वाशीमच्या एका व्यापाऱ्याने नवीन शोरूम टाकलं आहे आणि तिथे ओएलईडी मिळतात. विनोदकडे क्यूएलईडी. पुन्हा एक रस्ता, पुन्हा दोन बाजू. त्याने माझ्यासाठी खुर्ची दारात टाकली, जिथून मी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेन अशी.

"मामा, कोनी इचारलं तं फक्त एवढं म्हना, ओएलईडीवर डाग पडते. खोटं थोडीच हाय?"

"खोटं नाही."

"मंग?"

"कधी पडतो, कशानं पडतो, रोजच्या वापरात पडतो की नाही, तेही सांगू?"

"थे कायले? गिऱ्हाईकाले एवढं नसते लागत." तो जवळ वाकला. पोरगा वाईट नाही. माझ्यावर त्याची माया आहे. "तुमी एक शब्द बोलले की झालं. तवा नाही का, एका शब्दात काम झालं होतं."

आणि तो हसला. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्याला माहीत होती. पहिल्यापासून माहीत होती, आणि त्याला तिचा अभिमान होता. मामाने आपल्यासाठी केलं, म्हणून.

मी उठलो. तो म्हणाला, "रागावले का? अहो, प्लाझ्मा तं जगातूनच गेला. तुमी काय केलं त्यात?"

हे त्याचं बरोबर आहे, आणि मीही यावर बरीच वर्षं काढली आहेत. प्लाझ्मा जड होता, तापायचा, वीज खायचा. आणि शोरूमच्या झगमगाटात त्याचं ते काळं कोणाला दिसायचं नाही. कंपन्यांनी एकामागून एक तो करणं सोडलं. म्हणजे मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांतही त्याची परीक्षा उजेडातच झाली आणि तो उजेडातच नापास झाला. जगही माझ्याच लायकीचं निघालं. पण जगाने प्लाझ्मा सोडला तेव्हा सलीमभाईंच्या दुकानाला कुलूप लागून काळ लोटला होता. जग माझ्यानंतर आलं. त्यांच्यापुरता मी आधी होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात रिठदला एका साखरपुड्याला गेलो होतो. तिथून भीमरावांकडे डोकावलो. भीमराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बसमधले माझे जुने ओळखीचे. ऊन नको म्हणून दार लोटून घेतलेलं, खिडकीला चादर, आणि खोलीत टीव्ही चालू. मी चपला काढता काढता थांबलो. तो प्लाझ्मा होता.

"अजून चालतो?"

"चालते म्हंजे? दनदनीत चालते."

"परत नाही केला तुम्ही, तेव्हा?"

"बायको म्हने परत करा. सासरा म्हने परत करा. सरपंच म्हने परत करा." भीमरावांनी पाय खुर्चीवर घेतले. "आता एवढे लोक सांगून राह्यले म्हटल्यावर मानूस ऐकते काय?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "कोनाचं ऐकलं आजवर, जे तवा ऐकतीन!"

पडद्यावर कुठल्याशा मालिकेत दिवे गेले होते आणि एक बाई हातात समई घेऊन जिना उतरत होती. समईभोवती तेवढा उजेड, आणि बाकी जिना, भिंती, बाईची पाठ, सगळं त्या काळ्यात. इतक्या वर्षांनी मला ते काळं पुन्हा दिसलं. त्यात राखुंडी नव्हती. भीमराव सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होते आणि मी हं हं करत होतो. बसमधून परत येताना दोन्ही बाजूंना कापलेली वावरं, कडेला गंज्या, आणि माझ्या मनात एकच: मी म्हातारा झालो आहे, सलीमभाईही झाले आहेत, आणि माणसांकडे वेळ असतो असं धरून चालणं हा मूर्खपणा आहे.

सलीमभाई आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून देतात. तांब्याच्या तारेचे वेटोळे, वॉर्निशचा वास, चष्मा कपाळावर. मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी शमीमभाभी उंबऱ्यात सूप घेऊन तूर पाखडत होत्या. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. पोळ्याला घेतलेल्या एलसीडीपासून ते ज्यानं त्यानं आपापलं पाहावं इथपर्यंत. आयुष्यात इतकं नीट, एकही वाक्य अर्धं न सोडता, मी वर्गाबाहेर कधी बोललो नसेन.

सलीमभाई तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "सर, छोडो ना. कायले उकरून राह्यले? धंदा हाय, चालते, बंद पडते." आणि त्यांना हसू आलं. "एक गंमत सांगू? सुनेच्या मायेरच्याईले वाटलं, आमची गॅसची एजन्सी हाय. नाव आयकलं ना, गॅसवाले. खुश होऊन सोयरीक केली त्याईनं. मंग इचारलं, एजन्सी कुठी हाय? मी म्हनलं, बंद झाली!"

ते खूप हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला हलकं वाटायला लागलं. झालं, सुटलो, असं वाटलं. त्या वाटण्याची मला आत्ता हे लिहितानाही किळस येते.

सुपाचा आवाज थांबला होता.

"तुमी माफी कोनाले मागून राह्यले, सर?" भाभी म्हणाल्या. "त्याईले? त्याईनं तं तवाच देऊन टाकली. सोनं द्याले आले होते ना तुमच्या घरी? मी म्हनलं होतं, जाऊ नका. लय सस्ता मानूस हाय हा."

"शमीम," सलीमभाई म्हणाले.

"थांबा. मी बजारात गेली की मांगून हाका मारत, गॅसवाली आली, काडी नका पेटवू. पोरं नाही, मोठाली मानसं. मी किती वर्सं आयकलं थे." त्यांनी सूप खाली ठेवलं. "माह्याकडून माफी नाही. तुमी पेपरात लिहिता ना? पावसावर लिहिता, झाडावर लिहिता. मले पोरगी वाचून दाखवते. हे लिहा."

"नाव घालून लिहू?"

"नाव घालून. मालेगाव घालून. लोकाईले कयू द्या."

म्हणून हा लेख. लिहून झाला तसा दुपारचा त्यांच्याकडे घेऊन गेलो आणि उंबऱ्याबाहेर बसून मोठ्याने वाचला. शेवटी मी असं लिहिलं होतं: प्लाझ्मा टीव्हीतला वायू जळत नाही, फुटत नाही, संपत नाही, आणि तो कधीही भरावा लागत नाही. मालेगावच्या सलीमभाईंच्या टीव्हीपासून कोणाच्या घराला, लेकराला किंवा गंजीला कधीही धोका नव्हता. हे मला त्या दिवशी, बाजारात उभा असताना पूर्ण माहीत होतं.

भाभींनी शेवटपर्यंत ऐकलं. "झालं?"

"झालं."

"आन् टीवी?"

"टीव्हीचं काय?"

"कोनता चांगला होता, थे नाही लिहिलं तुमी. लोकं म्हनतीन, गॅस नसन जळत, पन माल खराबच होता. त्याच्यानंच दुकान बसलं."

सलीमभाई शेडमधून म्हणाले, "अगं, जाऊ दे ना आता."

"जाऊ नाही देत."

मी सांगायला लागलो की भाभी, हे इतकं सरळ नसतं. उजेडाच्या खोलीत एलसीडी बरा, विजेच्या दृष्टीनेही त्याचं काही म्हणणं आहे, दोन्हींच्या बाजूने. शेडमध्ये तारेचा आवाज बंद झाला होता. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला, तो बाजारातला, घसा साफ करणारा. मी कागद मांडीवर घेतला आणि त्यांच्या देखत शेवटी लिहिलं:

त्या वर्षी मालेगावात विकायला आलेल्या टीव्हींमध्ये चांगला टीव्ही सलीमभाईंचा होता.